चेंडूचे न झिजलेले टोक

प्रति,
मा. खेळाडू विकास अधिकारी,
श्री अरुणावती ऑस्ट्रेलियन फुटबॉल मंडळ,
दिग्रस, जि. यवतमाळ.

अर्जदार : श्रीमती सुरभी रामराव ढोले, समर्थक सभासद, रा. दिग्रस.

विषय : विकास यादीतील खेळाडू कु. शीला धरमसिंग राठोड यांच्या नावापुढील शेरा दुरुस्त करणे व गेल्या रविवारी मैदानावर तोंडी सांगण्यात आलेला निर्णय नोंदीवर घेणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज (लेखी उत्तर मिळालेले नाही).
२) प्रशिक्षक श्री. बबनराव यांनी तोंडी कळविले, की तोंडी कळविलेले मंडळात चालत नाही.

महोदय,

१. कु. शीला हिला घरी सरावासाठी दिलेल्या चेंडूचे एक टोक दुसऱ्या टोकापेक्षा जास्त झिजलेले आहे. झिजलेल्या टोकाकडे कातड्याचा लाल रंग पार गेला आहे, खालचा मातकट पोत दिसतो आणि शिवण सैल झाली आहे. दुसऱ्या टोकापाशी पेंटरने पांढऱ्या ऑइलपेंटने गोलाकार लिहिलेले मंडळाचे नाव मात्र कालच लिहिल्यासारखे आहे. त्यातल्या ‘श्री’चा साधा टवकाही उडालेला नाही. अंडाकृती चेंडू रोज लाथाडला जात असेल तर त्याची दोन्ही टोके कमीअधिक सारखीच झिजायला हवीत. अर्जदार कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. एकच टोक झिजले असेल तर त्याला कारण असणार, एवढेच तिला प्रथम वाटले होते. ते कारण आपल्या कार्यालयात कोणीही विचारले नाही, म्हणून हा अर्ज.

२. अर्जदार स्वतः खेळाडू नाही. वडील गेल्यानंतर तिचे रविवार फार लांबू लागले आणि घरामागच्या, जिनिंग कारखान्याच्या पलीकडील मैदानावरून पोरींचा आरडाओरडा ऐकू येई, म्हणून ती एकदा तारेच्या कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. मंडळाच्या संस्थापकांच्या पुतण्याने मेलबर्नहून आणलेले ते लांबुळके चेंडू पाहून तेव्हा गाव हसत होते. पपई पिकली की खाली ठेवा, असे बाजारातून परतणारे लोक ओरडत. अर्जदारास मात्र खेळ हळूहळू कळत गेला. चेंडू पायाने मारायचा. हाताने द्यायचा झाला तर फेकायचा नाही, मुठीने ठोसून द्यायचा. लांबून आलेला उंच चेंडू जिने झेलला तिला कोणी अडवायचे नाही, तिला निवांतपणे मारू द्यायचे. चार खांबांपैकी मधल्या दोहोंतून गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. इतक्या वर्षांत आपल्या महिला संघाने मोजकेच सामने जिंकले, याबद्दल अर्जदाराची काहीही तक्रार नाही. हरणाऱ्या संघावरही जीव जडतो. त्याची शास्त्रीय कारणे तिला माहीत नाहीत.

३. तक्रार विकास यादीबद्दल आहे. नवीन मुलगी तयार होईपर्यंत तिला या यादीत ठेवावे आणि मग संघात घ्यावे, असा हेतू होता. आज ही यादी म्हणजे असा एस.टी. स्टँड झाला आहे, की जिथे गाडीचा फलक आहे, बाक आहे, प्रवासी आहेत, फक्त गाडी लागत नाही. उदाहरणादाखल कु. अपेक्षा. खांबांजवळ चेंडू झेलण्यात तिचा हात धरणारी कोणी नव्हती. परंतु ती उंच, म्हणून तिला मैदानाच्या मध्यभागी उड्या मारण्याच्या जागी नेमले. उड्या मारून मारून तिचा गुडघा गेला. ती लग्न होऊन पुसदला गेल्याला दोन वर्षे होतील. आपल्या यादीत तिच्या नावापुढे अद्याप ‘प्रगती समाधानकारक’ असे लिहिलेले आहे. अर्जदाराने हे निदर्शनास आणले तेव्हा, शेरा चांगलाच असल्याने दुरुस्तीची गरज नाही, असे सांगण्यात आले.

४. कु. शीला ही गावाबाहेरच्या तांड्यावरची. बारावी पास झालेली घरातली पहिली मुलगी. चार हंगाम झाले, ती एकाही रविवारी गैरहजर नाही आणि एकाही सामन्यात खेळलेली नाही. तिच्या नावापुढे दर हंगामाला तोच शेरा येतो : ‘पाय उत्तम. चेंडू सोडण्यास विलंब.’ हा शेरा खोटा नाही, हे अर्जदार मान्य करते. चेंडू हातात आल्यापासून पाय लागेपर्यंत शीला इतरांहून क्षणभर जास्त घेते, आणि तेवढ्यात समोरची मुलगी अंगावर येते. मैदानावरच्या मुली या क्षणाला ‘आरती’ म्हणतात. शीलाच्या हातात चेंडू आला, की कोणीतरी मागून विचारते, नारळ आणू का तुले? बबनराव स्वतः एकदा शिट्टी तोंडातून काढून म्हणाले होते, की चेंडूची पूजा झाली असेल तर प्रसाद इकडे पाठव. शीलाही हसत असे. ती हसते, म्हणून तिला लागत नाही, असे सर्वांनी धरून चालले.

५. अर्जदाराने मोबाईलवर तिचे चित्रण केले आणि ते सावकाश करून पुन्हा पुन्हा पाहिले. आधी वाटले नजर कमी असावी. मग वाटले पकड सैल आहे. दोन्ही तर्क चुकीचे निघाले, कारण कधीकधी हा विलंब अजिबात होत नव्हता. चेंडू हातात आला तेव्हा नाव लिहिलेले टोक वर असेल, तर शीला इतरांइतकीच, किंबहुना थोडी आधीच, मारते. ते टोक खाली असेल, म्हणजे पायाच्या बाजूला असेल, तर ती चेंडू उलटा करते आणि मगच मारते. विलंब तेवढाच आहे.

अर्जदाराने तिला कारण विचारले. ती बुटाच्या नाडीशी खेळत म्हणाली, “मॅडम, श्री लिहून हाये त्याच्यावर. पाय कसा लावू?”

महोदय, हा प्रकार आपणास हास्यास्पद वाटेल. अर्जदार शीलाच्या घरी जाऊन आली आहे. तिची बारावीची पुस्तके अजून सेवालाल महाराजांच्या तसबिरीशेजारी मांडून ठेवलेली आहेत. तिचे वडील धरमसिंग यांना वाचता येत नाही. चालताना लिहिलेला कागद पायाखाली आला, मग तो एस.टी.चे तिकीट का असेना, तर ते वाकून तो उचलतात, कपाळाला लावतात आणि कुडाच्या भेगेत खोचून ठेवतात. त्या कुडात बरेच कागद आहेत. ज्या घरात अक्षराला इतक्या उशिरा प्रवेश मिळाला, त्या घरातील मुलीला आपण अक्षरे लिहिलेला चेंडू देतो आणि लाथ मार म्हणतो. ती मारते. फक्त अक्षरांवर मारत नाही.

६. उपाय सोपा होता. त्या नावाला थिनरचा बोळा लावला असता, तर काम झाले असते. तसा पहिला अर्ज अर्जदाराने केला. त्यावर बबनरावांनी सांगितले, की चेंडूंवर नाव टाकण्याचा ठराव सर्वसाधारण सभेने केलेला आहे, तेव्हा सभेशिवाय ते पुसता येणार नाही. दुसऱ्या अर्जात तिने स्वतः एक कोरा चेंडू देऊ केला. बिननावाची वस्तू मंडळाच्या मैदानात आणल्यास ती मंडळाची असल्याचे सिद्ध होणार नाही, असे उत्तर मिळाले. तिसऱ्या अर्जानंतर, नाव टोकावरून काढून चेंडूच्या मध्यावर घ्यावे काय, याचा विचार करण्यासाठी उपसमिती नेमली गेली. उपसमितीची पहिली बैठक गणपूर्तीअभावी तहकूब झाली. दुसरी कापूस वेचणीमुळे झाली नाही. तिसरीला सर्व सदस्य हजर होते, पण पाहण्यासाठी चेंडू कोणी आणला नव्हता.

७. दरम्यान शीलाला सांगण्यात आले, की चेंडू म्हणजे पुस्तक नव्हे. तिने मान डोलावली. दिवाळीनंतरच्या निवड चाचणीत तिने खरोखरच चेंडू न उलटता मारला. पाय अक्षरांवर बसला आणि चेंडू तिरपा होऊन कुंपणाबाहेर गेला. ती धावत जाऊन तो घेऊन आली, आणि सर्वांसमोर त्याला हात लावून तो हात कपाळाला टेकवला. मैदानावर एवढा हशा अर्जदाराने पूर्वी ऐकला नव्हता. त्या दिवशीच्या नोंदीत शेरा वाढला : ‘एकाग्रता कमी.’ अर्जदार त्या वेळी कुंपणापाशी होती. ती घरी आली आणि वह्या तपासत बसली.

८. लोहारा येथील औद्योगिक वसाहतीत एका पॅकिंगच्या कारखान्यात शीलासाठी काम आहे. राहण्याची सोयही आहे. सुटी मंगळवारी, रविवारी नाही. हे काम तिने दोनदा नाकारले, कारण रविवारी गैरहजर राहिल्यास यादीतून नाव जाते, असे तिला सांगण्यात आले होते. आता तिसऱ्यांदा विचारत आहोत, पुन्हा विचारणार नाही, असा निरोप संक्रांतीनंतर आला. तिची आई रुक्माबाई अर्जदाराकडे आली होती. चहा घेतला नाही, उंबऱ्याच्या आत बसली नाही. ती रागावलेली नव्हती. तिला खरोखर समजून घ्यायचे होते. “मॅडम, पोरगी चार सालापासून यादीत हाये,” ती म्हणाली. “यादीत राहून पुढं का होते, तेवढं मले सांगा.” अर्जदारास पदार्थविज्ञानातील बरेच काही सांगता येते. तिने एवढेच म्हटले, की रविवारी अधिकारी स्वतः मैदानावर येणार आहेत, तेवढा एक रविवार थांबा.

९. म्हणून विनंती अशी, की कु. शीला हिच्या नोंदीतील ‘विलंब’ व ‘एकाग्रता कमी’ हे दोन्ही शेरे काढून त्या जागी खरे कारण लिहावे. ती आता खेळणार नसली, तरी नोंद खरी असावी. तसेच यादीत तांड्यावरच्या आणखी तीन लहान मुली आहेत. त्यांच्यापैकी एक चेंडू हातात घेतल्यावर क्षणभर थांबते, असे अर्जदाराने गेल्या महिन्यात पाहिले आहे. तिच्या नावापुढे काही लिहिण्याआधी तिला कोणीतरी विचारावे.

१०. आता गेल्या रविवारबाबत, दि. ९ फेब्रुवारी. आपण चार हंगामांत प्रथमच मैदानावर आलात, याची अर्जदार आदरपूर्वक नोंद घेते. आपण शीलाला पुढे बोलावून एक चेंडू मारून दाखवण्यास सांगितलेत. तिच्या हातात तो आला तेव्हा नाव खाली होते. तिने नेहमीप्रमाणे चेंडू उलटा केला. कोणी आरती म्हटले नाही, बबनरावांनी शिट्टी हातात धरून ठेवली होती. मग तिने मारला. चेंडू कडुनिंबाच्या शेंड्यावरून, कोलांट्या घेत, मधल्या दोन खांबांच्या बरोबर मधून गेला आणि जिनिंगच्या भिंतीवर आपटल्याचा आवाज उशिराने आला. एवढ्या लांबून तो खांबांमधून गेलेला अर्जदाराने कधी पाहिला नव्हता. आपणही पाहिला नसावा, कारण आपण चष्मा काढून पुसलात.

त्यानंतर आपण म्हणालात, की पाय छान आहे, वेग वाढवावा लागेल, उपसमितीचा अहवाल तुरीच्या मळणीनंतर येईल, तोपर्यंत नाव यादीत राहू द्यावे, निराश होऊ नये.

शीला भिंतीपाशी जाऊन चेंडू घेऊन आली. तिने तो ओढणीने पुसला आणि दोन्ही हातांनी आपल्यापुढे धरला. आपण तो घेतला नाहीत. मंडळाची वस्तू लेखी अर्जासोबत जमा करावी, असे सांगितलेत. तिने त्यावर सांगितलेला निर्णयही लेखी हवा, बोलणाऱ्याच्या शब्दांसह, असे बबनरावांनी नंतर सांगितले. शीला सोमवारी पहाटेच्या गाडीने लोहाऱ्याला कामावर गेली असल्याने तिच्या वतीने ते शब्द अर्जदार नोंदवीत आहे. ती या मैदानावर मोठ्याने बोललेली अर्जदाराने पूर्वी ऐकली नव्हती. त्या दिवशीही आवाज चढलेला नव्हता, पण कुंपणापर्यंत स्पष्ट ऐकू आला. चेंडू हातात तसाच धरून ती म्हणाली :

“साहेब, मले एवढाच उशीर होते. याच्याहून कमी नाही होत. माह्यं नाव यादीतून काढून टाका.”

तारेच्या कुंपणापासून, आपली,
सुरभी रामराव ढोले
दिग्रस, दि. ११ फेब्रुवारी २०२५

सोबत : सरावाचा चेंडू, एक. (नाव लिहिलेले टोक वर राहील अशा रीतीने पिशवीत ठेवला आहे.)