हानुस्याचं नाव

४ सप्टेंबर १९६७
आले एकदाची! घर छान आहे. दोन खोल्या, मागे धुलाईघर, अंगणात फळांनी वाकलेलं आलुबुखारचं झाड. गावातल्या लॉजच्या चादरी धुऊन इस्त्री करायच्या, त्याच्या बदल्यात राहणं. माझा नवरा लेओन असता तर त्याने मला या गावात पाऊल टाकू दिलं नसतं. बावीस वर्षं जर्मनांच्या खाणीत राबला आणि एकच सांगत राहिला : मेलेलं उकरू नकोस, गेनिया. वसंतात तो गेला. मी उकरायला आले.

कुंपणापलीकडे बीटच्या शेतात युद्धाच्या काळात एक बराक होती. पोलंडहून कामाला धरून आणलेल्या आम्हा बायकांची तान्ही पोरं तिथे नेऊन टाकत. माझी आठ दिवसांची होती. मी शेतात असताना मालकाने नेली. बाप्तिस्मासुद्धा झाला नव्हता. नाव मी मनात ठरवलं होतं, हानुस्या. ते लेओनलाही कधी सांगितलं नाही.

९ सप्टेंबर
शेजारची टीडेमानबाई केक घेऊन आली. "एवढ्या चादरी एकट्या पिळता? हात आहेत की चरक!" म्हणाली आणि खूप हसली. मी बराकीचं विचारलं, तर चमचा हवेतच राहिला. पोरं मुळातच अशक्त होती म्हणे. शिवाय दुधाची तेव्हा सगळ्यांनाच टंचाई. मी पलीकडच्याच गावात राबत होते. त्या उन्हाळ्यात इथल्या एकाही वासराच्या बरगड्या दिसत नव्हत्या. पुरली कुठे, विचारलं. तिने हनुवटीने कुंपणाजवळची झुडपं दाखवली. ना क्रूस, ना दगड.
केकवर साय होती. भरपूर.

१७ सप्टेंबर
दुपारी चादरी वाळत घालताना झुडपांतून तान्ह्याचं रडणं आलं. मांजर नव्हे. मी आई आहे, मला कळतं.
आमच्याकडे आजी सांगायची : बाप्तिस्म्याविना गेलेलं पोर नावासाठी रडतं. ऐकू आलं तर पांढरं फडकं टाकावं आणि म्हणावं, मुलगा असशील तर आदाम, मुलगी असशील तर एवा. मग ते गप्प होतं आणि देवाकडे जातं. दुसरं नाव घेऊ नये. का, ते मी कधी विचारलं नाही.
मी नॅपकिन टाकला. आदाम-एवा ओठांवर आलंच नाही. तेवीस वर्षं गिळलेलं नाव बाहेर पडलं. हानुस्या, म्हटलं, मी आलेय गं.
रडणं थांबलं. मी चिखलात बसून पोटभर रडले.

१८ सप्टेंबर
नॅपकिन झुडपांत नाही. धुलाईघरात, कपड्यांच्या टोपलीत आहे. ओला. कोपरा चोखून चोखून मऊ झालेला.
भीती नाही वाटली. दूध गरम करून ठेवलं.

२१ सप्टेंबर
वाटी रोज रिकामी. टोपली रोज जड. टीडेमानबाई कुंपणावरून ओरडली, "एवढं दूध कुणाला हो, नवा नवरा केलात की काय?" मी म्हटलं, लेक आलीय. ती घरात गेली, खिडक्या लावून घेतल्या.

२४ सप्टेंबर
झुडपांत पुन्हा रडणं. आज नीट ऐकलं. दोन हुंदके, मध्ये श्वास अडकतो, मग बारीक शीळ. दिवस भरायच्या आत झालेली माझी पोर अशीच रडायची. आठ दिवस मी तो अडकलेला श्वास छातीशी धरून ऐकला होता.
पहिल्या रडण्यात शीळ नव्हती. मी थांबले नाही. ऐकलं नाही.
मग टोपलीत कोण आहे?

२५ सप्टेंबर
झुडपांत फडकं टाकलं. एवा म्हटलं. ते परत माझ्या पायाशी येऊन पडलं. माझ्या पोरीला तिचंच नाव हवंय.
टोपलीपाशी गुडघे टेकले. म्हटलं, बाळ, तूही कुणाची तरी आहेस, मी तुला दुसरं नाव देते, सुंदर देते. टोपली हलली. दिलेलं नाव ती सोडत नाही. का सोडावं? तिला आजवर कुणी काही दिलंच नव्हतं.

२६ सप्टेंबर
अंगावर दूध आलंय. या वयात. टोपलीतली पिते — दुखतं —
बाहेर शीळ बारीक होत चाललीय.

२७
रडणं अगदी दाराशी. थकलेलं. माझी आहे. हिला आतच राहू दे, तिलाही आत घेईन, दोघींना —
दार उघडलं. पायरीवर काही दिसत नाही, फक्त तो अडकलेला श्वास. नावाने बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.
बोलावते. हानुस्या —
ओ आली. मागून, टोपलीतून. आणि पायरीवरचा श्वास अडकला, तो सुटलाच नाही —