खिडकीखालची पिवळी कर्दळ

आई, आज सानपाड्याच्या बागेत पिवळी कर्दळ फुललेली दिसली आणि आपलं जुईनगरचं तळमजल्यावरचं घर आठवलं. नव्वदच्या दशकातली ती वर्षं. साताऱ्याहून येऊन आपल्याला जेमतेम वर्ष झालं होतं. वरच्या मजल्यावरच्या काकूंबरोबर तू एकदा बाबांना न विचारता शिवणक्लासला गेलीस, तेवढंच निमित्त झालं. तुर्भ्याला कारखान्यात कामाला निघताना बाबा दाराला बाहेरून कुलूप लावू लागले. दुसरी किल्ली माझ्या दप्तरात. शाळेतून आले की उघडायचं, आत शिरायचं आणि जाळीच्या दाराला आतून परत कुलूप घालायचं, असं मला बजावलेलं. मी तेव्हा सातवीत होते.

काकूंनीच आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली कर्दळीचा कंद लावून दिला. तू गजांतून तांदूळ धुतलेलं पाणी ओतायचीस. वर्षभरात पानं खिडकीला टेकली, पण फुलं सगळी उजेडाकडे, रस्त्याच्या बाजूला कललेली. तुला त्यांची पाठच दिसायची. "समोरनं कशी दिसत्यात गं?" तू विचारायचीस. मी म्हणायचे, "पिवळी."

एका दुपारी मी नुकतीच आत आलेय, कुलूप घालतेय, आणि तू पदराला हात पुसत दाराशी येतेस. "उघड की जरा. फुलं बघून येते, लगेच." मी म्हणते, "बाबांनी नाही म्हणून सांगितलंय." "तू बी त्यांच्यावानीच बोलाय लागलीस," एवढंच म्हणतेस आणि आत जातेस. मला वाईट वाटलं. मी बाहेर गेले, तुला आत ठेवून कुलूप लावलं, सगळ्यांत मोठं फूल देठासकट तोडलं आणि खिडकीतून तुझ्या हातात दिलं. वाटलं, खूश होशील. तू ते फिरवून समोरून पाहिलंस. मग म्हणालीस, "तोडलंस कशाला? ते तरी भायेर होतं."

त्यानंतर दार उघडायला तू मला कधीच सांगितलं नाहीस. मी दहावीत असताना तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत तू गेलीस.

बाबा अजून सांगतात, तिला मी काही कमी पडू दिलं नाही. माझ्या लेकीला मी सांगितलंय की आजोबा फार कडक होते, मी त्यांना घाबरायचे. खोटं आहे ते. मला ते कधी साधं ओरडलेही नव्हते. घराची किल्ली माझ्याकडे आहे, हे मला आवडायचं, आई. हे पत्र पाठवायला पत्ता नाही. असता, तरी किल्लीचं ते वाक्य मी खोडूनच पाठवलं असतं.