कुत्री मरताहेत, तलावात पाणमांजरं आहेत

अड्याळ, २० सप्टें. '८८
सकाळी रेडिओवर बातमी. युरोपच्या उत्तरेकडच्या समुद्रात सील प्राणी मरून किनाऱ्याला लागताहेत. आधी सगळे म्हणत होते, विषारी पाणी. आता म्हणतात विषाणू, कुत्र्यांच्या रोगाच्या भाऊबंदांतला. चहा तसाच राहिला.

आपल्या ढिवरटोलीत, मच्छीमारांच्या वस्तीत, पोळा झाल्यापासून कुत्री मरताहेत. नाक गळतं, पाय झटके देतात. मेलेलं कुत्रं पायाला दोरी बांधून ओढत न्यायचं आणि तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, पाण्यात लोटायचं, ही इथली जुनी रीत. आणि तिथंच पाणमांजरांची बिळं.

२१ सप्टें.
जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. "पाणमांजराला हा रोग होतो का, हे मी पुस्तकातही वाचलं नाही. होणार नाही, असंही सांगत नाही." प्रामाणिक माणूस.

संध्याकाळी पाळीवर. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, '७१ साली, सुमतीला इथंच आणलं होतं. पाच-सहा पाणमांजरं एकदम डोकी वर काढून किचकिचत होती. सु. म्हणाली, "तुमच्या सभेतल्यांसारखीच आहेत. सगळी बोलतात, ऐकत कोणी नाही." पुढे दर सभेनंतर घरी आलो की विचारायची, आज किती डोकी वर होती? ती गेल्यापासून भाषण कसं झालं ते कुणी विचारत नाही. टाळ्या पडतात, तेवढंच.

आज दोन डोकी दिसली. पिल्लू नव्हतं. किंवा मलाच दिसलं नाही.

२५ सप्टें.
मच्छीमार सोसायटीची सभा. बोललो. सील, समुद्र, विज्ञान, माणसाचा माज, सगळं काढलं. मूठ आपोआप वर गेली. कुत्री पुरा, पाण्यात टाकू नका, एवढंच मागणं.

यशोदाबाई मासे विकते, जीभ कोयत्यासारखी. ती उठली. "काहून जी मुरलीभाऊ, मेले तिकडच्या समुद्रात, अन् सुतक आमाले?" हशा.

डोमा, माझा शाळेपासूनचा सोबती, तोही, "तो हलकट पाणमांजर माह्यं जाळं फाडते, जाळ्यातले मासे पळवते. त्याच्यासाठी मी खड्डा खंदू? मेला त पेढे वाटीन!"

टाळ्या त्याला. रागाने घरी. पाणी न पिता झोपलो. मूर्खांनो! (उद्या हा शब्द खोडायचा.)

२६ सप्टें.
खोडला नाही. पण त्याचं जाळं खरंच फाटतं. रात्रभराची मेहनत जाते. त्याच्या जागी मी असतो, तर?

१ ऑक्टो.
डोमाचा राजा आजारी. जाळ्याच्या ढिगावर झोपणारा पिवळा कुत्रा. डोमा त्याला बोटाने दूध चाटवत होता. मी पाणमांजराचा विषय काढला नाही. जीभ आवरून बसणं मला जमतं, हे नवंच कळलं.

४ ऑक्टो.
डोमा दारात. डोळे लाल. "पहार हाय का जी?"

दिली. काही बोलणार, तेवढ्यात तोच, "तुमच्या भाषणासाठी नाही. तुमच्या सीलले मी वळखत बी नाही. राजाले पायानं वढत न्याचं मन होत नाही, बस."

आंब्याखाली दोघांनी खड्डा खणला. माझ्या तळहातांना फोड. तो हसला, "माइक धरून धरून नाजूक झाले." त्याच खड्ड्याच्या काठावर रडला.

९ ऑक्टो.
पुन्हा सभा. डोमाने आधीच बजावलं, "आज तुमी तोंड उघडू नोका. तुमी बोलले का लोक टाळ्या वाजवते अन् घरी जाते." तो उभा राहिला. "म्या माह्या राजाले पुरलं. ज्याले वढत न्याचं असंन, त्यानं नेवा. पहार माह्या घरी हाय." बसला. इतकंच!

टाळ्या नाहीत. यशोदाबाई पदराचं टोक चावत राहिली.

सु. असती तर आज कुणाचं भाषण कसं झालं, ते मी तिला सांगितलं असतं.

१२ ऑक्टो.
काल टोलीत दोन कुत्री गेली. पहाटे जाऊन पाहिलं. यशोदाबाईच्या परसात ताजी माती, वर बाभळीचे काटे. दुसऱ्या घरापासून मात्र धुळीत ओढत नेल्याची लांब खूण, थेट तलावाकडे.

डोमाला हाक मारली. पहार त्याने घेतली, फावडं मी. ती खूण धरून दोघं पाळीकडे निघालो.