सातव्या तळ्यातली चिमी

प्रिय वन्सं,

मनापासून नमस्कार. गुडघे कसे आहेत? पुढे वाचून रागावणार असाल, तर आधी बसून घ्या.

तुमचे भाऊ तीस वर्षं डोंगरावरच्या सात तळ्यांतले बेडूक मोजत, हे तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक नसेल ते असं, की लांबलचक शास्त्रीय नावांचा कंटाळा म्हणून वहीत त्यांनी घरच्यांचीच नावं घातली. घसा खाकरल्यासारखा ओरडणारा जाडा बेडूक म्हणजे तुमचे वडील, अप्पा. आणि सगळ्यात वरच्या तळ्यातला, नखाएवढा, टिपेच्या सुरात भांडणारा, तो चिमी. (म्हणजे तुम्ही. ओरडतो तो नर असतो, असं मी म्हटलंही होतं. ऐकतात कुठे.)

परवा विद्यापीठातली एक संशोधक मुलगी तीच मोजणी पुन्हा करायला आली. वहीत ‘पहिलं तळं. अप्पा चार, सगळे चिखलात’ असं वाचलं, भिंतीवरच्या अप्पांच्या फोटोखालचं नाव पाहिलं, आणि हळू आवाजात विचारलं, की आजोबांचं शेवटी शेवटी असं झालं होतं का. (चार कसे, हे विचारायचा संकोच वाटला असावा.) मग कुठला बेडूक कोण, ही ओळख पटवायला मलाच वर जावं लागलं. वाटेत चपलेचा पट्टा तुटला, दोनदा बसकण मारली. ते राहू दे.

वन्सं, खाली ऊन फार वाढलंय. पहिली दोन तळी मुकी झाली. अप्पा पाचव्यापर्यंत चढलेत (जन्मात कधी जिना चढले नाहीत). जो तो वर सरकलाय. चिमीने कुठे सरकावं? सातव्याच्या वर नुसतं आभाळ.

तिथे तासभर बसले. काही नाही. डोळे पुसले आणि म्हटलं, लिही, शून्य. मुलीने पेन्सिल टेकवलीच नाही.

"काकू, केव्हाचं काहीतरी किणकिणतंय. तुम्हाला ऐकू येत नाहीये का?"

नाही येत. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी खरं बोलायची सवय लावली, म्हणून कबूल करते. माझ्या कानांपायी एक जिवंत जीव कागदावर संपला असता.

तुमची,
वहिनी

ता.क. पण ती चिमीच, हे मुलगी कशावरून सांगणार? तिने पूर्वी ऐकलेली नाही, आवाज कुठे टिपलेला नाही. लग्नाआधी भावाबरोबर तुम्ही दर सुट्टीत तिथे जात होता. तो आवाज ओळखतील असे कान आता तुमचेच. तळं आटायच्या आत या.

आणखी एक. ते गेल्यापासून सहा वर्षं तुम्ही या घरी आला नाहीत. का, ते मी विचारत नाही. मुलगी म्हणते, आवाज एकच होता. थोडा वेळ ओरडायचा आणि मग उत्तराची वाट बघितल्यासारखा थांबायचा.