उगवतीकडे ओढणारी गाडी

७ एप्रिल २००४, अमरावती

पोचलो एकदाचा! सांगलीहून निघताना सगळ्यांनी घाबरवलं होतं की वऱ्हाडचं ऊन माणसाला भाजून काढतं. काढतं खरंच, पण माणसं झकास आहेत. मोर्शी रस्त्यावर इनायतुल्ला चाचांचं गॅरेज आहे. चाचांना इंजिनातलं सगळं कळतं, पुढच्या अॅक्सलशी आणि स्टीअरिंगशी मात्र त्यांचं जमत नाही, म्हणून मला बोलावून घेतलं. गॅरेजमागे खोली, खोलीत कूलर, आणि दोन्ही वेळचा डबा रजियाबी चाचींच्या हातचा. "लाजू नोका मिस्त्री, घर आपलंच हाये," असं चाचांनी बजावलं. मी लाजणाऱ्यातला नाही हे त्यांना पहिल्याच जेवणात कळलं असेल.

८ एप्रिल

पहिलंच काम दणदणीत. मिलिटरीच्या लिलावातला फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रक, मागे बोअरचं मशीन, पुढे लोखंडी दोराचा विंच. संत्र्याच्या बागा वाळत चालल्यात. काहीजण झाडं तोडून सरपण करतायत, बाकीचे आणखी खोल बोअर मारतायत. अशात ही गाडी बसून राहिली तर मालक बोंब मारणारच. ड्रायव्हर चंद्रभान, पस्तिशीचा, बोलताना नजर वर करत नाही. म्हणाला, "उगवतीकडे वढून राहिली, मिस्त्री. हात सोडला का गेली." पुढच्या आठवड्यात त्याला ती चिखलदऱ्याचा घाट चढवायची आहे. अशी गाडी घाटात नेणं म्हणजे मरणच, त्याचं तोंड उगाच उतरलेलं नाही.

तो मोर्शीहून आला, म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून. उगवत त्याच्या डाव्या हाताला. मी पाटीवर खडूने लिहिलं, 'डावीकडे ओढते.' इथली माणसं घरातसुद्धा 'जरा मावळतीकडे सरका' म्हणतात. मला फार हसू येतं त्याचं.

१० एप्रिल

टायरमधली हवा सारखी केली. डावा ब्रेक घासतोय का पाहिलं, चाक मोकळं फिरतं. ड्रॅग लिंक, टाय रॉड, किंग पिन, कशातच ढिलाई नाही. स्प्रिंगचे पाटे ठीक, अॅक्सल तिरका नाही. एक गोष्ट सापडली, हा बाबा डांबरी रस्त्यावरही पुढच्या चाकांची ताकद लावूनच चालवतो. स्टीअरिंग जड होणार नाही तर काय! मी ती ताकद काढली, तेव्हा तो दचकला. डाव्या चाकाचं बेअरिंगही बदललं. झालं काम, असं चाचांना छाती ठोकून सांगितलं.

११ एप्रिल

ट्रायलला एकटाच निघालो, मोर्शीच्या दिशेने. गाडी उजवीकडे ओढू लागली. वाटलं, जरा जास्तच दुरुस्त केली की काय. मग परत फिरलो, तर डावीकडे. पुन्हा वळवली, पुन्हा उजवीकडे. रस्त्याच्या उताराने गाडी डाव्या कडेला जाईल एक वेळ, पण ही जाताना आणि येताना एकाच दिशेला, उगवतीलाच जाते.

चूक माझी. चंद्रभान डावं-उजवं बोललाच नव्हता. त्याने उगवत म्हटलं होतं, आणि त्याला उगवतच म्हणायचं होतं. असा बिघाड कुठल्याच गाडीत नसतो. मला भीती वाटली, खोटं कशाला लिहू.

१३ एप्रिल

आज तिवस्याच्या रस्त्याला नेली. तिकडे तोंडच उगवतीला, म्हणजे सरळ जायला हवी होती. पण डावीकडे ओढली, उत्तरेला, आणि पुढे गेलो तसतशी जोरात. नकाशावर दोन्ही रस्त्यांवरून ओढीच्या रेघा मारल्या. मोर्शीच्या अलीकडे, एका शिवारात त्या मिळतात. चंद्रभानला बोटाने दाखवलं. त्याने नकाशा माझ्या हातातून ओढून घेतला आणि त्याची घडी घातली.

१४ एप्रिल

सांगितलं त्याने. त्या शिवारात एक विहीर होती. तळाशी आडवं बोअर मारायला बुधाजी नावाचा त्याचा जोडीदार उतरला, याच विंचच्या दोरावर. विहीर ढासळली. बुधाजी कमरेपर्यंत मातीत, दोर ताठ. चंद्रभानने पुढची ताकद लावली, रिव्हर्स टाकला, तरी गाडी विहिरीकडेच सरकत होती. शेवटी त्याने विंचची कळ सोडली. खालून बुधाजी ओरडत होता, "चंद्या, सोडू नोको रे." मढंसुद्धा निघालं नाही.

"मी सोडलं त्याले," चंद्रभान म्हणाला, "पण थो नाही सोडून राहिला मले." ढसाढसा रडला. मलाही आवरेना.

१५ एप्रिल

चाचा म्हणतात, गाडी मालकाला परत द्या. चंद्रभान ऐकत नाही. मालक दुसऱ्या कुणाला घाटात धाडेल, ते पापही त्याच्याच माथी. त्याला विहिरीवर जाऊन बुधाजीची माफी मागायची आहे.

दुपारी मी स्टीअरिंगला चाकांशी जोडणारी ड्रॅग लिंक काढून ठेवली. आता चाकं वळवणारं काही उरलंच नव्हतं. उभ्या गाडीची चाकं उगवतीकडे वळली. माझ्या डोळ्यांसमोर. परत जोडताना मी चाकांकडे पाठ केली नाही. चंद्रभानसोबत मीही जाणार आहे, त्याला एकट्याला सोडवत नाही.

१६ एप्रिल, दुपार

आलो. शेवटच्या पांदणीत मी स्टीअरिंगला हातच लावला नाही, गाडी आपसूक आली. विहिरीच्या जागी खचलेला खड्डा. आणि ओढ गेली! स्टीअरिंग अगदी मोकळं. गाडी गिअरमध्ये टाकून बंद केली, चाकांना दगड लावले. चंद्रभान नारळ घेऊन खड्ड्याकडे गेलाय. मी केबिनमध्येच बसलोय. सुटला बिचारा, बरं वाटलं—

स्टीअरिंग हललं. थोडंसंच.

पुन्हा.

चंद्रभान खड्ड्याच्या कडेने डावीकडे चाललाय — स्टीअरिंग डावीकडे. तो थांबला — तेही थांबलं. आता उजवीकडे —

विहीर नको होती तिला — त्याला इथवर आणायचं होतं —

चावी माझ्या खिशात आहे. इंजिन बंद. दगड कचकचतायत —

ब्रेक लागत नाही. हाका मारतोय, त्याला ऐकू — पाठमोरा, हात जोडून, अगदी काठावर — चंद्रभान, मागे बघ, बाजूला हो — मी उडी —