सनसेट म्हणजे सातवा भाग

१ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून ग्रुपवर कोणाशीही भांडायचं नाही. देवासमोर हात जोडून ठरवलं. वय पन्नाशीला टेकलं. या वयात माणसाने नदीसारखं असावं. दगड आला तर वळसा घालावा.

गेमचं मूळ नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे. आम्ही सगळे त्याला 'नावाडी' म्हणतो. धुक्यातली नदी, एक नाव, या काठाचे लोक त्या काठाला न्यायचे. आतापर्यंत सहा भाग आले. सातव्याबद्दल कंपनी तोंड उघडत नाही, त्यामुळे चाहत्यांमध्ये थोडी अस्वस्थता आहे. म्हणून 'अखंड नावाडी' या ग्रुपचा अॅडमिन या नात्याने माझी जबाबदारी मोठी. मी दिवसभर गाद्यांच्या दुकानात गाद्या विकतो, पण खरी गादी ही आहे.

रात्री.
साडूने लिहिलं, की तिसऱ्या भागानंतर मालिकेत राम उरला नाही. मी त्याला दातपाडू म्हणालो. (तो कवळ्या बनवतो.) हे भांडण नव्हे, खुलासा.

४ फेब्रुवारी

सहाव्या भागावर पुन्हा चिखलफेक. आधीच्या भागांत नाव चालवायला दोघे लागायचे. एक वल्ह्यावर, एक सुकाणूवर. सहाव्यात सुकाणू आपोआप चालतं. एकटा माणूस नदी पार करू शकतो. केवढी सोय! फक्त मधल्या बेटाजवळ गेलं, की नाव गोल गोल फिरत राहते. लोक याला बिघाड म्हणतात. मी ग्रुपवर शांतपणे लिहिलं, की ती प्रदक्षिणा आहे. कंपनीने मुद्दाम ठेवली आहे. माणसाने थांबून विचार करावा म्हणून.

साडू म्हणाला, मग विचार कर, की तुझ्या नावेत दुसरा माणूस का नाही.

तेरा जणांनी हसऱ्या चेहऱ्याचं चित्र टाकलं. तेराही नंबर लिहून ठेवलेत.

९ फेब्रुवारी

आनंदाचा दिवस! कंपनी बोलली!

एकच वाक्य, पण काय वाक्य. एकतीस मार्चला, आपल्याकडच्या दुपारच्या चार वाजता, 'नावाडी' विल बी सनसेट. म्हणजे सातव्या भागाचं नाव 'सनसेट'. सूर्यास्ताची नदी. मी डोळे मिटले तर समोर दिसलीच. पाणी तांबूस, वल्ह्यावरून थेंब गळताहेत.

सगळ्यांच्या आधी ग्रुपवर जाहीर केलं. खाली तीन उद्गारचिन्हं दिली. एरवी मी एकच देतो.

पाच मिनिटांत भूलतज्ज्ञ उगवला. हा मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशनआधी लोकांना झोपवतो, आणि ग्रुपवर लांब मेसेज टाकून आम्हाला. म्हणाला, काका, सनसेट करणं म्हणजे बंद करणं. कंपन्यांची बोलायची पद्धत आहे ती. सगळ्या भागांचे सर्व्हर एकतीसला कायमचे बंद होणार. मी म्हटलं, तुमचं इंग्रजी पुस्तकातलं, माझं नदीतलं.

मग साडू. म्हणे, अरे, सूर्य बुडाला की अंधार पडतो, एवढं कळायला इंग्रजी कशाला लागतं?

आमच्या गावच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं, पण पाया पक्का होता. सन म्हणजे सूर्य, सेट म्हणजे संच. मला कोणी शिकवू नये.

१२ फेब्रुवारी

ग्रुपचा फोटो बदलला. दुकानाच्या गच्चीवर चढून खरा सूर्यास्त टिपला. फोटो उत्तम आला, फक्त कोपऱ्यात आमच्या पाटीवरची 'गादी' ही दोन अक्षरं आली. घाईत दिसलं नाही.

साडूने खाली लिहिलं, गादी बुडताना प्रथमच पाहिली.

शेठनी विचारलं, गच्चीवर काय करत होतास, खाली गिऱ्हाईक झोपून बघत होतं आणि खरंच झोपलं. मी म्हटलं, म्हणजे गादी चांगली आहे.

१५ फेब्रुवारी

कंपनीला पत्र पाठवलं. सातव्या भागासाठी सतरा सूचना. उत्तर एका मिनिटात! थँक यू फॉर युअर पेशन्स. एवढी मोठी कंपनी, आणि माझं पत्र एका मिनिटात वाचून, विचार करून, उत्तर लिहिते. लगेच ग्रुपवर टाकलं.

साडू म्हणाला, नीट वाच, तुला पेशंट म्हटलंय.

भूलतज्ज्ञ म्हणाला, ते आपोआप जाणारं उत्तर आहे. याला सगळंच आपोआप वाटतं. फक्त सुकाणू आपोआप चाललेलं खपत नाही.

२० फेब्रुवारी

साडूकडे जेवायला जावं लागलं. मोठ्या मेहुणीने बोलावलं होतं, आणि बायकोने दोन दिवस आधीच बजावलं होतं, की नदी, नाव, सूर्य हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत.

साडूच्या बैठकीत खिडकीच्या कट्ट्यावर कवळ्या वाळत ठेवलेल्या असतात. ओळीने हसत असतात. तिथे बसून गंभीर बोलणं अवघड आहे. तरी मी जेवण होईपर्यंत काही बोललो नाही. त्यानेच काढलं. आवाज खाली आणून म्हणाला, येत्या रविवारी तिसऱ्या भागात ये. आपण दोघं. एकतीसच्या आत जेवढ्या फेऱ्या होतील तेवढ्या मारू. तू वल्हं, मी सुकाणू. पहिल्यासारखं.

हे आमचं जुनं. लग्नानंतर पहिली काही वर्षं दोन बहिणी आत बोलत बसायच्या आणि आम्ही दोन परकी माणसं बाहेर एकमेकांचे बूट बघत. एकदा त्याने कॉम्प्युटर लावला. तेव्हापासून दर रविवारी. पुढे घरं लांब झाली, तरी आपापल्या खोलीतून एकाच नावेत. सहावा भाग आला आणि मी त्यात गेलो. तो आला नाही.

मला क्षणभर बरं वाटलं. पण डाव ओळखला. जुन्या भागात जाणं म्हणजे सातव्यावर अविश्वास दाखवणं. अॅडमिनला हे शोभत नाही. तसं म्हणालो.

तो म्हणाला, तुला संपलेलं संपलं म्हणता येत नाही, हा तुझा रोग.

मी म्हणालो, जन्मभर खोटे दात केलेस, तुला सगळंच पडलेलं दिसणार.

मेहुणी आतून ओरडली, की तुम्हा दोघांच्या नाकातोंडात पाणी गेलं म्हणजे कळेल नदी काय असते. बायकोने माझ्या हातात चपला दिल्या. घरी येईपर्यंत माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिली. मी मात्र शांत होतो. दातओठ खात होतो, पण आतून शांत.

२६ फेब्रुवारी

ग्रुपच्या हितासाठी साडूला काढलं. बटण दाबताना रागाचा लवलेश नव्हता. मग भूलतज्ज्ञाला काढलं. मग ते तेरा नंबर. मग ज्यांनी 'का काढलं' विचारलं ते. मग ज्यांनी काही विचारलं नाही ते, कारण मौन ही संमती असते, फक्त कोणाला ते कळत नाही.

आता ग्रुपवर शांतता आहे. मन प्रसन्न आहे.

८ मार्च

शांतता जरा जास्त आहे.

ग्रुपवर तिघे उरलो. मी, एक कुरियरवाला, आणि एक नंबर जो कोणाचा हे मलाही ठाऊक नाही. आज मी सूर्यास्तांच्या प्रकारांवर लेख टाकला. वाचल्याच्या खुणा आल्या नाहीत. दुकानातून गादी न्यायला कुरियरवाला स्वतः आला, तेव्हा विचारलं. म्हणाला, काका, राग मानू नका, तुमचा ग्रुप मी अडगळीत... म्हणजे म्यूटवर टाकलाय. आधी एक शब्द तोंडात आला आणि मग दुसरा. माझ्या लक्षात आलं नाही असं दाखवलं.

बायकोकडून कळलं (तिला ताईकडून), की काढलेल्या लोकांनी नवा ग्रुप केला आहे. नाव 'शेवटची फेरी'. एकतीसला सगळे मिळून तिसऱ्या भागात नदी पार करणार आहेत. पन्नासेक नावा. अॅडमिन साडू.

कटकारस्थान. बंडखोरांना नेहमी पदाचीच हाव असते. मी तसा नाही. तिघांचा का होईना, ग्रुप माझा आहे.

२२ मार्च

आज जरा मन हललं. सकाळी हात जोडले तेव्हा देवाला विचारलं, की मी चुकत तर नाही ना? मागणं नव्हतं, नुसती चौकशी.

मग माळ्यावरून शाळेत बक्षीस मिळालेली डिक्शनरी काढली. पाठीमागची पानं वाळवीने खाल्लीत, पण एसपर्यंत शाबूत आहे. सनसेट : सूर्यास्त. नाम!

नाम! क्रियापद दिलेलंच नाही. म्हणजे 'सनसेट करणे' असं काही जगात नसतंच. नाम म्हणजे नाव. नाव म्हणजे सातव्या भागाचं नाव. देवाने इतक्या लवकर उत्तर क्वचितच दिलं असेल.

बायकोला दाखवलं. तिने पान उलटून पाहिलं आणि म्हणाली, या पुस्तकात कॉम्प्युटर म्हणजे हिशेब करणारा माणूस दिलाय.

तिला विषय समजत नाही.

३० मार्च

शेठकडे उद्याची अर्धी रजा मागितली. कारण विचारलं. घरचं कार्य, म्हटलं. खोटं नाही. बायकोने विचारलं, भाऊजींचा निरोप आहे, उद्या येणार का? मी म्हटलं, सातवा भाग सुरू झाला की त्यालाच यावं लागेल. तेव्हा त्याला मी पहिल्या दिवशी घेणार नाही. दुसऱ्या दिवशी घेईन. मन मोठं ठेवायचं.

३१ मार्च, दुपारी ३.१०

खोलीचं दार लावून बसलो. सहाव्या भागात शिरलो, कारण सातवा त्याच्याच दारातून उघडणार. नदीत माझ्याशिवाय कोणी नाही. पहिल्या रांगेत जागा मिळाली असंच म्हणायचं.

३.२५
बेटापाशी आलो. नाव फिरते आहे. प्रदक्षिणा.

३.३५
अजून फिरते आहे.

३.४०
चक्कर येते आहे. या अवस्थेत नवा भाग नीट बघता येणार नाही. वेळ आहे तर शत्रूच्या गोटात एक नजर टाकून येतो. अॅडमिनला सगळी माहिती असावी. याला त्याच्या निरोपावरून येणं म्हणत नाहीत.

३.४८
तिसरा भाग. पासवर्ड बोटांनाच आठवला.

उशीर झाला. पन्नास नावा नदीच्या मध्यावर आहेत, कंदिलांची माळच्या माळ त्या काठाला चालली आहे. भूलतज्ज्ञाची नाव सर्वांत मागे आणि वाकडी. घाट रिकामा.

नाही, रिकामा नाही. एक नाव खुंटाला बांधलेली आहे. सुकाणूवर माणूस आहे. वल्ह्याची जागा मोकळी.

त्याने लिहिलं, बस.

३.५२
बसलो असतो. पण सरळ जाऊन बसलो तर त्याचं म्हणणं मान्य केल्यासारखं होईल. आधी भूमिका स्पष्ट केली पाहिजे. लिहायला घेतलं, की मी इथे पाहुणा म्हणून आलो आहे, मतभेद कायम आहेत, सनसेट हे नाम आहे.

तो म्हणाला, वल्हं घे. मग भांड.

'एक मिनिट' असं मी लिहिणार होतो. पण आधीचं पूर्ण व्हायला हवं होतं. शिवाय 'भूमिका' दीर्घ की ऱ्हस्व यात अडकलो.

त्याने नाव सोडली नाही. मधल्या नदीतून कोणीतरी विचारलं, येताय का. तो म्हणाला, थांबा जरा, माझा माणूस लिहितोय.

मी 'माझा माणूस' वाचलं. लिहिलेलं सगळं पुसलं. पुन्हा नवीन लिहायला घेतलं.

४.०५
पडदा काळा. मध्यभागी एक ओळ : जोडणी उपलब्ध नाही.

सातवा भाग लोड व्हायला वेळ लागत असेल. फाइल मोठी असणार.

५.३०
खिडकीतून सूर्य उतरताना दिसतो आहे. रोजचाच.

१ एप्रिल

पडदा अजून काळा आहे. त्या कोणाच्याही नसलेल्या नंबराने ग्रुप सोडला. जाताना लिहिलं, चुकून आलो होतो.

दुकानात एक नवरा-बायको डबल गादी बघायला आले. मी त्यांना सिंगल कशी सोयीची, हे समजावत होतो. शेठनी मला मागे गोदामात पाठवलं.

संध्याकाळी बायको फोन हातात घेऊन दारात आली. पलीकडे तिची ताई, ताईच्या पलीकडे साडू. दोन बहिणींमधून निरोप आला. तो विचारतो, शेवटपर्यंत तुझ्या डोक्यावर ते तीन ठिपके हलत होते, तू लिहितोयस असं दिसत होतं. म्हणून नाव सोडली नाही. आपली तेवढी एकच नाव राहिली या काठाला. एवढं काय लिहीत होतास?

मी उठून खिडकी लावली. पुन्हा उघडली.

बायको म्हणाली, काय सांगू भाऊजींना? फोन चालू आहे.

म्हटलं, सांग, लिहितोय.