बारावं अंडं

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून लेखीच.) तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे तुमच्या भाचेसुनेला पाचवा महिना लागला. सोनोग्राफीत बाळाच्या डाव्या हाताला सहा बोटं दिसली. बाकी सगळं ठीक आहे, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून ही पोटावर हात ठेवून पुटपुटते. पाचापर्यंत मोजते आणि थांबते.

धीर देण्याचं काम माझ्यावर आलं, कारण माझी नोकरीच त्यातली. (तुम्ही शेजारणींना ‘अंड्यांचं दुकान’ सांगता, ती प्रयोगशाळा आहे.) आम्ही कोंबडीच्या अंड्याला खिडकी पाडतो. आत पिल्लाच्या पंखाचा कोंब असतो, तिळाएवढा. त्याच्या मागच्या कडेतून एक रसायन झिरपतं आणि कुठलं बोट कुठे, ते त्यावरून ठरतं. तुमच्या हाकेसारखंच. स्वयंपाकघरात ऐकू आली की आम्ही ताडकन उभे. तीच माळ्यावर पोचली की नुसती कूस बदलायची. दुसऱ्या पिल्लाच्या त्या कडेचा तुकडा कापून याच्या समोरच्या कडेला लावला की दोन्हीकडून हाका येतात. मग तीन बोटांच्या जागी सहा, आरशात पाहावीत तशी.

गेल्या पंधरवड्यात या प्रयोगासाठी मी बारा अंडी घेतली. बाराव्याला खिडकी पाडली आणि तुकडा लावणार तोच दवाखान्यातून हिचा फोन आला. बोलून परतलो, चिकटपट्टी लावली, अंडं उबवणयंत्रात ठेवलं. तुकडा बशीतच राहिला, हे बशी धुताना कळलं. तो वाळून गेला होता. आठवड्याने अंडी उघडली. बाराव्यात सहा बोटं. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या, सगळ्यांत सुबक हेच.

हे सगळं हिला कागदावर काढून दाखवलं. कुणाचं काही चुकत नाही, हाक कधी कधी भलत्या दारातून येते, असं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“मग बाराव्यात तुकडा कुणी लावला?”

तेव्हापासून ती मला घरातली अंडी फोडू देत नाही.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना (बोटं मोजून) आशीर्वाद.

तुमचा भाचा

ता. क. आत्या, तुमचा डावा हात कायम पदराखाली असतो. त्याबद्दल विचारायचं नाही, हे घरात न बोलता ठरलेलं. तुम्ही या. हिच्यासमोर बसा आणि तो हात बाहेर काढा. बोलू काही नका.

ता. क. दुसरा. माझा अंदाज चुकला असेल तर माफ करा. त्या हाताची चापट मी पुष्कळदा खाल्ली आहे, पण मोजायला सवड कधी मिळाली नाही.